राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जुने लेखन कसे शोधावे?

प्रश्न: १९व्या शतकातील एका लेखकाच्या नावाने शोध घेतला असता कधी दोनच नोंदी मिळतात, तर कधी शेकडो. योग्य पद्धत कोणती?

उत्तर १: आपण लिहितो त्याच रूपात नाव नोंदलेले असेलच असे नाही. अधिकृत नामरूपांची स्वतंत्र सूची असते आणि टोपणनावे, वर्णांतरे (दुसऱ्या लिपीत लिहिलेली रूपे) त्यातील एका रूपाशी जोडलेली असतात. ती आधी पाहावी. एक उपयुक्त नोंद सापडली की तिच्यातील विषयशीर्षकावरून (ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेल्या विषयाच्या नावावरून) पुढे जावे, कारण पुस्तकाच्या नावात आपला शब्द नसलेली पुस्तकेही तेथे एकत्र येतात. आयएसबीएनचा (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा) येथे उपयोग नाही. ती पद्धत १९७०च्या सुमारास रूढ झाली.

उत्तर २: नियतकालिकाची नोंद मिळते, त्यातील प्रत्येक लेखाची सहसा नाही. त्यासाठी लेखसूचीच चाळाव्या लागतात. (कंटाळवाणे काम आहे खरे.)

उत्तर ३: संदर्भ विभागाला लिहिताना आतापर्यंत कोठे व कोणत्या शब्दांनी शोधले तेही कळवावे, म्हणजे ग्रंथपालांचे श्रम दुपटीने खर्ची पडत नाहीत. पुस्तके बहुधा वाचकांना प्रवेश नसलेल्या बंद दालनांत असतात. बोधांक (पुस्तकाची जागा दाखवणारा क्रमांक) टिपून मागणी आधीच नोंदवावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टोपणनावाचा विचारच केला नव्हता.