पडदा १२०चा, अ‍ॅप ६०वर

वर विचारलंय की फोन १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याचा, घेतला तरी काही अ‍ॅप्स ६०वरच का चालतात, पडदाच खोटा आहे का? नाही हो, पडदा खरा आहे. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, तयार करायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२०ला जेमतेम ८.३. तेवढ्यात काम उरकलं नाही की फ्रेम गळते आणि स्क्रोल करताना झटका जाणवतो.

शिवाय अ‍ॅपने तसं सांगावंही लागतं. २०२१च्या आयफोन १३ प्रोवर अ‍ॅपलबाहेरच्या अ‍ॅप्सना काही अ‍ॅनिमेशन ६०च्या वर न्यायची, तर अ‍ॅपच्या माहितीच्या इन्फो फाइलमध्ये एक नोंद करावी लागते. एकच नोंद! तीही न करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लोक या पडद्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात.

अँड्रॉइड असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला, अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचा मेन्यू) रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, दाखवण्याची सोय बऱ्याच फोनवर असते. ती चालू करा, कोपऱ्यात आकडा दिसेल. बोट फिरवत असतानाच तो बघा. स्थिर पानावर किंवा व्हिडिओ बघताना आकडा उतरला तर तो दोष नाही, बॅटरी वाचवण्यासाठी फोन मुद्दाम तसं करतो.