‘आराम’ म्हणजे बाग की विसावा?

प्रश्न: नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याच्या दानधर्मात ‘आराम-तडाग-उदपान’ असा उल्लेख येतो. इथे ‘आराम’चा अर्थ विश्रामगृह घ्यायचा का?

उत्तर: नाही, इथे बागच. त्याच ओळीत आधी चतुःशाला, आवसथ, प्रतिश्रय हे शब्द येऊन गेलेत. वाटसरूंच्या निवाऱ्याचं तिथेच सांगून झालं. पुढे आराम, तळी आणि विहिरी. झाडं लावायची तर पाणी हवंच, म्हणून हे तिन्ही शब्द मला एका दमात वाचावेसे वाटतात.

शब्द ‘रम्’ धातूवरून आलाय: जिथे मन रमतं तो आराम. गीतेतला ‘अन्तराराम’ आणि आपला ‘आत्माराम’ याच घरातले. फारसीतला ‘आराम’ही मुळात याच धातूचा, पण तिथे अर्थ शांतता, विसावा असा झाला. ‘दुखण्याला आराम पडला’ म्हणतो तेव्हा आपण तो फारसी अर्थ वापरतो. जुन्या लेखांवर तो लादला की घोटाळा होतो.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात व्याख्याच आहे: ‘आरामः स्यादुपवनं कृत्रिमं वनमेव यत्’. यातलं ‘कृत्रिम’ म्हणजे खोटं नव्हे, तर माणसाने लावून वाढवलेलं. लगेच पुढे मालकीप्रमाणे नावं बदलतात. अमात्याच्या किंवा गणिकेच्या घराची ती वृक्षवाटिका, राजाचं सर्वांसाठी असलेलं ते उद्यान, अंतःपुराचं ते प्रमदवन. आपण आज या सगळ्यांना सरसकट ‘बाग’ म्हणतो, आणि तो शब्दही फारसीच!

आणखी एक प्रश्न: मग ‘संघाराम’ म्हणजे मठ कसा?

उत्तर: कारण बौद्ध भिक्षूंच्या संघाला आधी बाग मिळाली, इमारती तिच्यात उभ्या राहिल्या. मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर जेतवनाच्या, म्हणजे अनाथपिंडिक या व्यापाऱ्याने संघाला दिलेल्या बागेच्या, दानाचं शिल्प आहे (आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये). सोडलेली बैलगाडी, जमिनीवर चौकोनी नाणी अंथरणारी माणसं, हातात झारी घेऊन दानाचं उदक सोडणारा अनाथपिंडिक आणि कठडा घातलेलं आंब्याचं झाड. खाली कोरलंय: ‘जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता’. नाण्यांनी जमीन झाकून घेतलेलं जेतवन अनाथपिंडिक देतो. हे ‘देति’ वाचताना आपलं ‘देतो’ ऐकू येतं, मला तरी.

अलाहाबादच्या स्तंभावर अशोकाच्या दुसऱ्या राणीचा, तीवलमाता कारुवाकीचा लेख आहे. त्यातही दानाच्या यादीत ‘अंबावडिका’ आणि ‘आलमे’ (म्हणजे आराम, पूर्वेकडे र चा ल होई) शेजारी-शेजारी येतात. ‘अंबावडिका’ म्हणजे आमराई, आणि तिच्यातली ‘वडिका’ म्हणजेच वाटिका, आपली ‘वाडी’. नारळाची वाडी म्हणताना बागेचा तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.

नारळावरून आठवलं. उषवदाताच्या त्याच लेखात नानंगोल गावच्या 32,000 ‘नाळीगेर’ झाडांचं दान आहे. अनुवाद करत असाल तर तिथे सरळ ‘नारळाची झाडं’ लिहा, आणि ‘आराम’ला ‘उपवन’ किंवा ‘बाग’.