मदत हवी आहे: गावच्या अंगणात २३ माणसांचा फॅमिली फोटो कसा काढू?

नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, गुहागरजवळ आमचं गाव, तिथे घरीच करायचं ठरलंय. मुंबई, पुणे, बडोदा सगळीकडून पोरंसोरं धरून २३ माणसं जमणार आणि "चांगला कॅमेरा" माझ्याकडे आहे म्हणून फॅमिली फोटो माझ्या गळ्यात पडलाय. फोटोग्राफर बोलवा असं कृपया लिहू नका, विधीच्या फोटोंना एक जण येणारच आहे, पण परका माणूस कॅमेरा घेऊन समोर आला की आजी पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते. माझ्यासमोर हसते. गेल्या खेपेला म्हणाली, हार घालायला बरा फोटो नाहीये गं माझा एकही, तेवढा काढून ठेव. मी ओरडले तिच्यावर, पण खरंच नाहीये.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स आणि नंतर हौसेने घेतलेली ५० एमएम एफ/१.८ (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं). ट्रायपॉड आहे पण वाऱ्यात डुगडुगतो. वेगळा फ्लॅश नाही आणि घ्यायचाही नाहीये.

गणपतीत रंगीत तालीम केली ती सपशेल आपटली. आधी आरती झाल्यावर भर साडेबाराला अंगणात उभं केलं सगळ्यांना, नेमकं त्या दिवशी कडक ऊन, सगळ्यांचे डोळे बारीक आणि खोबणीत काळं. मग कोणीतरी म्हणालं मांडवात या, तर वर निळी ताडपत्री, अख्खं खानदान निळसर, धाकटा काका तर थेट कृष्णच. शेवटी ५० ची लेन्स लावून एफ/१.८ वर सात जणांचा काढला, पुढे खुर्च्यांवर तिघं, मागे चौघं उभे. मागचं तुळशीवृंदावन मस्त ब्लर झालं आणि त्याबरोबर मागची चौघंही. मोठी काकू अजून ऐकवते, मी काय पडदा होते का मागचा.

आणि आजोबांचा चष्मा उन्हात काळा होणारा आहे, म्हणजे प्रत्येक फोटोत ते गुप्तहेर.

माझ्या डोक्यात होतं की सूर्यास्ताच्या वेळी समुद्रावर न्यावं सगळ्यांना, ते सोनेरी ऊन वगैरे. घर पूर्वेकडे तोंड करून आहे, पुढे सारवलेलं अंगण, साधारण ३० फूट लांब, बाजूला पोफळीची वाडी, मागच्या दारातून वाळूपर्यंत पाचेक मिनिटं. कुठे काढू, किती वाजता, कुठली लेन्स? शिवाय आजीची अट आहे की मीही फोटोत हवी, तर टायमरचं पण सांगा.

प्रतिसाद

ताई, समुद्र विसरा. ८० वर्षांची बाई नऊवारी सांभाळत वाळूतून चालणार, बाकीची मंडळी तासभर आधी-मागे पोचणार, आणि डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या आसपास बुडतो, ते चांगलं ऊन जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात २३ माणसं रांगेत लागत नाहीत, लग्नात बघितलंय. त्यातून सूर्याकडे तोंड केलं की डोळे बारीक आणि पाठ केली की चेहरे काळे.

तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय की! घर पूर्वाभिमुख म्हणजे दुपार कलली की घराचीच सावली अंगणात पडते. चार-साडेचारला मंडळींना घराकडे पाठ करून उभं करा, समोर मोकळं आभाळ, उजेड चेहऱ्यावर मऊ येईल आणि आजीला पायरी उतरण्यापलीकडे चालायला नको. सगळे पूर्ण सावलीत हवेत पण, एक जण जरी उन्हाच्या पट्ट्यात राहिला तरी तो पांढराफटक येणार. पोफळीखाली अजिबात नको, उन्हाचे कवडसे पडून माणसं बिबट्यासारखी दिसतात आणि पानांमधून येणारा उजेड चेहऱ्यांना हिरवट करतो. ताडपत्रीने निळं केलं तसंच.

आणि छपरामागचं आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका, उजळ आभाळ बघून कॅमेरा माणसं काळी करतो. तुम्ही भक्कम स्टुलावर चढून किंचित खाली बघत काढा, आभाळ आपोआप कटतं.

प्रतिसाद

लेन्सचं सांगतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० एमएमने चार मीटरवरून एफ/१.८ ला काढलं तर पुढे-मागे मिळून ४०-४५ सेंटिमीटरच फोकसमध्ये राहतं. खुर्चीतला माणूस आणि त्याच्या मागे उभा असलेला यांच्यात त्याहून जास्त अंतर असतं, काकूंचा पडदा झाला तो त्यामुळे, लेन्स बिचारी चांगली आहे. ती आजी-आजोबा दोघांच्या फोटोला ठेवा, तिथे एफ/२.८ किंवा ४ वर झकास येईल.

ग्रुपला १८-५५ च, ३५ च्या आसपास झूम करा, एफ/८ (छिद्र लहान, म्हणजे पुढचे-मागचे सगळे फोकसमध्ये). एका रांगेत आठ माणसं म्हणजे चार मीटरभर रुंदी, त्याला साडेसहा-सात मीटर मागे जावं लागेल, तुमच्या ३० फुटात बसतंय. १८ वर काढून जागा वाचवायचा मोह होतो पण कडेची माणसं ताणली जातात, आधीच जाड असलेला माणूस आणखी जाड, मग जन्मभराचं वैर. शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, पोरं हलतात, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ४०० ते ८०० ठेवावा लागला तरी बिनधास्त ठेवा. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश एफ/५.६ आणि आयएसओ ४०० ला सव्वातीन मीटरपर्यंतच पोचतो, सात मीटरवर त्याचा उपयोग शून्य, बंदच ठेवा.

फोकसचे नऊच्या नऊ पॉइंट चालू असतील तर कॅमेरा जे जवळ दिसेल ते पकडतो. फक्त मधला ठेवा, दुसऱ्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोळ्यावर फोकस घ्या आणि मग लेन्सवरचं बटण एमएफवर (म्हणजे हाताने फोकस) सरकवा. हे टायमरसाठी फार महत्त्वाचं, कारण फोकस बटण दाबतानाच होतो आणि लोक कॅमेऱ्यासमोर वाकून बटण दाबतात, मग स्वतःच्या कोपरावर फोकस!

प्रतिसाद

आजोबांच्या चष्म्यावर आमच्या घरचा उपाय, जुना साधा चष्मा कपाटात असतोच, तो घालायला द्या. नसेल तर चष्मा घरातच ठेवा आणि सगळी मंडळी लागली की शेवटी आणून द्या, काळा व्हायला मिनिटभर जातं तेवढ्यात काढून घ्या. सावलीतही थोडा होतोच.

पुतण्या-भाच्यांना पुढे सतरंजीवर बसवा आणि सगळ्यात शेवटी बोलवा.

धागाकर्ती

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, घराची सावली हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, तीस वर्षं त्या अंगणात दुपारचे पापड राखलेत आणि चारला सावली आली की तेच पापड उचललेत!

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बिल्डिंगच्या सावलीत तालीम केली. तीन खुर्च्या, मागे दोन उलट्या बादल्यांवर उशा, त्यामागे स्टुलावर कुंडी आणि मधोमध सासूबाई. वॉचमनकाका लांबून बघत होते, विचारायची हिंमत झाली नाही त्यांची. ३५ वर एफ/८, शटर १/२००, आयएसओ ४००, झूम करून बघितलं तर कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं मोजता येतात. त्याच जागेवरून एफ/१.८ वर ५० ने काढला त्यात कढीपत्ता गायब, म्हणजे काकूचं म्हणणं खरंच होतं, तिला फोन करून सांगितलं. म्हणाली, लेखी दे.

टायमरमध्ये दहा सेकंदांनंतर लागोपाठ फोटो घ्यायची सोय निघाली, दहापर्यंत येतात, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असतील. मोबाइलवरच्या ॲपने वायफायवरून पण निघतो, पण मोबाइल हातात दिसतो, तो आजीच्या खुर्चीमागे लपवावा लागेल. ट्रायपॉडला मधोमध विटांची पिशवी अडकवली, आता हलत नाही.

एकच राहिलं. फ्रेमवाला म्हणतोय १६ बाय २० इंचाची करा, भारदस्त दिसते, पण त्या मापात कडेची माणसं कापली जातील ना? १२ बाय १८ ला कॅमेऱ्याचं आणि प्रिंटचं प्रमाण तंतोतंत जुळतंय. कडेला नेमकी मोठी काकू उभी राहणार आहे, म्हणून विचारते.