मदत हवी आहे: खोल समुद्रतळावरचे मासे ओळखायला कसं शिकावं?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो, मुलगी आठवीत आहे. संशोधन जहाजं समुद्रतळावर यंत्र सोडून जे थेट चित्रण दाखवतात, ते ती गेले काही महिने रात्र रात्र बघते आणि वहीत नोंदी करते. ट्रायपॉड फिशने तिला वेडच लावलंय. परांचे तीन लांब काटे तळाच्या गाळात रोवून तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वर पसरलेल्या परांनी भक्ष्याची चाहूल घेतो. मलाही आता ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही! 2022 मध्ये जपानजवळ 8336 मीटर खोलीवर स्नेलफिशचं चित्रण झालं, ते तर तिने कितीदा पाहिलं असेल.

अडचण ओळखण्याची आहे. पडद्यावर लेझरचे दोन ठिपके ठरावीक अंतरावर दिसतात, त्यावरून लांबीचा अंदाज येतो. पण रॅटटेल आणि कस्क ईल तिला सारखेच वाटतात. दोघांचीही शेपूट निमुळती. नेमकं काय बघायचं, पाठीवरचा पर की डोळे?

दुसरं म्हणजे, आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात शाळकरी मुलांना जतन केलेले मासे बघू देतात का? परवानगी कोणाकडे मागायची? पुण्यात मत्स्यशास्त्र शिकलेलं कोणी तिच्या नोंदी एकदा तपासून देईल का? रविवारी कुठेही घेऊन येईन.