लॅपटॉप घरी ठेवून थेट क्लबच्या डेकवर: शहाणपण की हौस?

रात्रपाळी (धागाकर्ता)

सहा वर्षं डीडीजे-४०० (लॅपटॉपला जोडून वाजवायचा कंट्रोलर) आणि लॅपटॉपवर काढली. गेल्या दिवाळीत एकाकडून वापरलेला एक्सडीजे-आरएक्स२, म्हणजे लॅपटॉपशिवाय पेन ड्राइव्हवरून वाजणारा डेक, घेतला, तेव्हापासून वाजवायला जाताना लॅपटॉप बाहेर काढलेला नाही. मित्रांत यावरून रोज जुंपते, म्हणून इथे टाकतोय. माझं मत: ज्याला क्लबात वाजवायचंय त्याने कंट्रोलरवर वर्षभराच्या वर रमू नये.

लॅपटॉपवर माझ्याकडे चौदा हजार गाणी होती आणि त्यातली तेरा हजार मी कधी नीट ऐकलेलीच नव्हती. ऐन वेळी सर्च केलं, बीपीएम (मिनिटाचे ठोके) जुळला, टाकलं. आता पेन ड्राइव्हवर चारशे नेतो. गुरुवारी रात्री बसून रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये एकेकाची ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) तपासतो, हॉट क्यू (गाण्यात थेट उडी मारायच्या जागा) लावतो, मग पेन ड्राइव्हवर एक्स्पोर्ट. त्या बैठकीत गाणं पाठ होतं. दुसरं म्हणजे पिच फेडर, गाण्याचा वेग कमीजास्त करायची पट्टी. सीडीजेवर, म्हणजे क्लबात असतो त्या पायोनियरच्या डेकवर, तो चांगला लांब असतो, ±६ टक्क्यांच्या रेंजला ०.०२ टक्क्याने सरकतो. कंट्रोलरच्या बोटभर पट्टीवर कानाने बीट जुळवायची सवय लागतच नाही, हात आपसूक सिंककडे, म्हणजे आपोआप बीट जुळवणाऱ्या बटणाकडे, जातो.

आता माझी फजितीही सांगतो. पुण्यातल्या एका क्लबात पहिल्यांदा वाजवायला गेलो. तिथे सीडीजे-२००० नेक्सस, म्हणजे २०१२ चं मॉडेल. पहिलं गाणं झकास. दुसरं लोड केलं तर स्क्रीनवर ई-८३०५, म्हणजे ही फाइल चालत नाही. तिसरं, तेच. माझी निम्मी गाणी फ्लॅक (एमपीथ्रीसारखाच एक फाइल-प्रकार) होती आणि फ्लॅक २०१६ च्या नेक्सस टूपासून चालतं, आधीच्यावर नाही. चालू गाण्याला आठ बीटचा लूप लावला, एका हाताने फिल्टर फिरवत बसलो, दुसऱ्याने यादीत एमपीथ्री शोधत होतो. दीड मिनिट गेलं असेल, पण शर्ट भिजला होता.

कराडकर_साउंड

म्हणजे लॅपटॉप असता तर शर्ट कोरडा राहिला असता. तुमचा मुद्दा तुम्हीच खोडलात, आम्ही काय बोलणार?

आम्ही हळदी-वराती करतो. आमच्याकडे जनरेटर रात्रीत दोनदा तरी मान टाकतो. डीडीजे लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो आणि लॅपटॉपला बॅटरी आहे. लाइट आली, ॲम्प चालू केले, की आम्ही तयार. तुमचा डेक आधी बूट होणार, मग पेन ड्राइव्ह वाचणार, तोवर नवरीचा मामा माइक घेऊन "बंद का पडलं" म्हणून उभा.

आणि चारशे गाणी? आमच्याकडे गाणी आम्ही निवडत नाही, पाव्हणे निवडतात. परवा एकजण मोबाइलच पुढे धरून म्हणाला, "हे आमच्या भावकीतल्या पोराचं गाणं, आत्ता पायजे." मोबाइल लॅपटॉपला जोडला, गाणं ओढलं, वाजवलं. तुमच्या डेकला मोबाइल कुठे खुपसू? दहाला स्पीकर बंद करावा लागतो, त्याआधीच्या दोन तासांत पाव्हण्याला नाही म्हटलं तर पुढची सुपारी गेली.

फक्त_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

तिसरा_चॅनल

धागाकर्त्याशी सहमत, पण कारण वेगळं. गाणी पाठ करायला लॅपटॉप आडवा येत नाही, आळस येतो. खरी अडचण बूथमध्ये दोन डीजेंच्या अदलाबदलीला होते. आधीचा वाजवतोय, अंधार आहे, आणि तुम्ही लॅपटॉप-कंट्रोलर घेऊन मिक्सरच्या मागे हात घालून रिकामा चॅनल चाचपडताय. मी स्वतः गोव्यात एकदा चालू चॅनलची केबल उपटली आहे. चूक माझीच, शिव्याही मीच खाल्ल्या. डेकवाला येतो, पेन ड्राइव्ह लावतो, हेडफोन घालतो, झालं. डेक एकमेकांना जोडणारी प्रो डीजे लिंकची लॅन केबल असेल तर एकाच पेन ड्राइव्हवरून सगळे डेक वाजतात. फक्त तिसऱ्या चॅनलवरच्या डेकला डेक नंबर तीन दिलाय ना, ते बघून घ्यायचं.

सुईवाला

वयाने मोठा आहे म्हणून जरा लांबड लावतो.

२००१ ला सीडीजे-१००० आला तेव्हा आम्ही टेक्निक्सवाले (रेकॉर्डच्या तबकड्या वाजवणारे) हेच म्हणत होतो की आता कुणी शिकणार नाही. मग लॅपटॉप आला, तेव्हा सीडीवाले म्हणाले. आता तुम्ही. अहो, सीडीजे-३००० च्या आतही कॉम्प्युटरच आहे, फक्त झाकण उघडत नाही. पडद्यावर वेव्हफॉर्म आहे, सिंकचं बटण आहे, नऊ इंची टचस्क्रीन आहे. डोळ्यांनी वाजवणारा तिथेही डोळ्यांनीच वाजवेल.

मला खटकतं ते निराळंच. "क्लबचा डेक" म्हणजे एकाच कंपनीचा डेक, हे तुम्ही धरूनच चाललात. तीच कंपनी, पायोनियर डीजेवाली, आताची अल्फाथीटा, सेराटो ही डीजे सॉफ्टवेअरवाली कंपनी विकत घ्यायला निघाली होती. न्यूझीलंडच्या कॉमर्स कमिशनने २०२४ च्या जुलैत परवानगी नाकारली, स्पर्धा कमी होईल म्हणून. दुसऱ्या कंपनीचा, डेनॉनचा, प्राइम ४ (२०१९) पेन ड्राइव्हवरची गाणी स्वतः तपासतो, वायफाय आहे, पण रायडरमध्ये (डीजे आयोजकाला देतो त्या सामानाच्या यादीत) त्याचं नाव मला क्वचितच दिसतं. आणि त्या एका कंपनीतही सगळं जुळतं असं नाही. त्यांच्याच ओपस-क्वाड डेकला डिव्हाइस लायब्ररी प्लस, म्हणजे गाण्यांची यादी भरायची नवी पद्धत, लागते, जुन्या पद्धतीने भरलेला पेन ड्राइव्ह तिथे आंधळा. याला स्वातंत्र्य म्हणायचं?

रात्रपाळी

सुईवाले काका, एकाच कंपनीचा मुद्दा मान्य. पण मला उद्या ज्या बूथमध्ये उभं राहायचंय तिथे जे ठेवलंय त्याचाच सराव करणार ना?

कराडकर, वेगळ्या पेन ड्राइव्हवर गाणं आणलं तर आरएक्स२ ला दुसरा यूएसबी पोर्ट आहे, न तपासलेलं एमपीथ्रीही वाजतं. मोबाइलचं खरं आहे, त्याला उत्तर नाही. लाइटचं म्हणाल तर छोटा यूपीएस ठेवा.

कराडकर_साउंड

यूपीएस टेम्पोत टाकायला जागा तुम्ही देणार का? बेसचे आठ डबे आधीच रस्सीने बांधून नेतो.

अजून एक. सेराटोत २०२२ पासून स्टेम्स आहेत. गाण्यातला गाणारा बंद करून नुसता ठेका ठेवायचा आणि त्यावर आमचा हलगीवाला सोडायचा, याला लोक वेडे होतात. दोन लाखांच्या वरच्या तुमच्या सीडीजे-३००० ला ते येतं का? सिंकवर मात्र मीही भरवसा ठेवत नाही. हलगी-घुमक्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग असलं की ताल हळूहळू चढत जातो, ग्रिड चौथ्या ओळीला गंडते. तिथे कानच लागतो. तेवढं तुमचं बरोबर.

तिसरा_चॅनल

मग भांडण कशाचं आहे? एक क्लबचं बोलतोय, एक वरातीचं.

कराडकर_साउंड

भांडण "वर्षभराच्या वर रमू नये" याचं आहे. मी अकरा वर्षं रमलोय आणि त्यावर घर बांधलंय.

रात्रपाळी

"ज्याला क्लबात वाजवायचंय त्याने" असं लिहिलं होतं, पण ते वाक्य उर्मट झालं, मागे घेतो. पण वाजवताना लॅपटॉप परत उघडणार नाही. चढत्या तालाच्या त्या हलगीवर मला एकदा कानाने मिक्स करून बघायचंय. येऊ का आरएक्स२ घेऊन?

कराडकर_साउंड

या की. सतराला हळद आहे, गाव कराडपासून अर्ध्या तासावर. हलगीची फाइल आजच पाठवतो, वेव्ह आहे, फ्लॅक नाही. यूपीएस तुमचा तुम्ही आणा. आणि मामाच्या हातात माइक गेला तर तो परत घ्यायचं कामही तुमचंच.