आजोबांच्या मेव्हण्यांविषयी माहिती हवी आहे: एप्रिल १९४४, आसाम

माळावरचा
माझ्या आजीचा धाकटा भाऊ, म्हणजे बाबांचे मामा, दुसऱ्या महायुद्धात इंडियन एअर फोर्समध्ये होते. एप्रिल १९४४ मध्ये आसामातून बॉम्ब टाकायला गेलेलं त्यांचं विमान परत आलं नाही. वय २१. घरी तार आली ती 'बेपत्ता'ची. बेपत्ता म्हणजे गेला असं नाही, म्हणून पणजीने शेवटपर्यंत त्यांचं श्राद्ध घालू दिलं नाही.

आमच्याकडे एक फोटो आणि दोन पत्रं आहेत. फोटोत छातीवरच्या बिल्ल्यात एकच पंख आणि त्याला लागून एका गोलात दोन अक्षरं दिसतात. घरात सगळे 'पायलट मामा' म्हणतात, पण पत्रात लिहिलंय की त्यांची सीट मागे होती आणि तोंड शेपटीकडे. मग ते नक्की काय करायचे? आणि त्यांचं नाव कुठे कोरलेलं आहे का? बाबांना ते एकदा बघायचंय.

निवृत्त_फिटर
एकच पंख म्हणजे पायलट नव्हेत. पायलटला दोन्ही पंख. नॅव्हिगेटर, गनर वगैरेंना एक, आणि गोलात कामाची आद्याक्षरं. भिंग लावून बघा. 'एजी' दिसलं तर एअर गनर.

भारतीय स्क्वॉड्रन, आसाम आणि एप्रिल ४४ म्हटल्यावर मला तरी ७ नंबर स्क्वॉड्रनच वाटते. ती तेव्हा सिल्चरजवळ उदरबंदला होती. इम्फाळची लढाई पेटलेली होती. विमान व्हल्टी व्हेंजन्स, अमेरिकन बनावटीचं डाइव्ह बॉम्बर. माणसं दोनच. पाचशे पौंडी दोन आणि अडीचशे पौंडी दोन बॉम्ब घेऊन जायचं आणि लक्ष्यावर जवळजवळ उभंच कोसळायचं. त्या वेळी पायलटला समोर जमीन दिसते. शेपटीकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीशी जमीन आणि डोळ्यांसमोर नुसतं आभाळ! विमान वर कधी उचललं जाणार हे त्याच्या हातात नाही. मागून जपानी फायटर येतंय का ते बघायचं, आलंच तर मशीनगन चालवायची, हे त्याचं काम. 'नुसते गनर' असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आणि शत्रूनेच पाडलं असं धरून चालू नका. त्या इंजिनाच्याही बऱ्याच तक्रारी होत्या.

दप्तरी
नाव शोधताना लोक कोहिमा-इम्फाळच्या युद्धस्मशानांच्या याद्या चाळत बसतात. तिथली दहनस्मारकं ज्यांचं दहन झालं त्या हिंदू-शीख सैनिकांची. कोहिम्याला अशी ९१७ नावं आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियात गेलेल्या ज्या वैमानिक-गनरांचा ठाव लागला नाही, त्यांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या 'सिंगापूर मेमोरियल' या स्मारकावर आहेत. तिथे एकूण २४,००० हून जास्त नावं. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर घरबसल्या शोधता येतं. मराठी आडनावांच्या स्पेलिंगची तिथे पार वाट लागलेली असते, तेव्हा तारेवर सर्व्हिस नंबर असेल तर तो टाका. इंडियन एअर फोर्सच्या नावात 'रॉयल' मार्च १९४५ मध्ये आलं. शोधताना दोन्ही नावं वापरून बघा.

माळावरचा
'एजी'च आहे! नंबर टाकल्यावर नावही सापडलं. सिंगापूर मेमोरियल, कॉलमच्या नंबरसकट. आडनावात एक अक्षर जास्तीचं घुसलंय. आईवडिलांची नावं असतात ती जागा मात्र कोरी. बाबा म्हणतात, तिथे आधी पणजीचं नाव घाला. असं काही करता येतं का?

दप्तरी
कमिशनला लिहा. तार, पत्रं आणि जन्माचा किंवा शाळेचा दाखला स्कॅन करून जोडा. पुराव्याशिवाय ते हलत नाहीत. आडनावाची दुरुस्ती त्याच अर्जात मागा.

निवृत्त_फिटर
स्क्वॉड्रनचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकही मिळवा. त्यातल्या फॉर्म ५४१ वर त्या दिवशी कोण कुणाबरोबर उडालं आणि किती वाजता निघालं ते असतं. त्यांच्या पायलटचं नाव तिथे कळेल. त्याच्याही घरी कुणीतरी असाच फोटो घेऊन बसलेलं असेल, जमलं तर शोधा.