इगी पॉपचं 'कँडी': दोन आवाजांची पट्टी कशी जुळवायची?

बेसूर_नाही: पंक रॉक गायक इगी पॉपचं १९९०चं 'कँडी' बँडवर बसवतोय. पुरुषाचा आवाज खर्जात मस्त लागतो, पण गायिकेला वर ताण पडतो. पट्टी उतरवू का?

खर्जवाला: अर्धा स्वर, फार तर एक. त्याखाली गेलात की खर्जाची नुसती गुरगुर होते. कोरसमधली वरची ओळ तिने जोर न लावता हेड व्हॉइसमध्ये, म्हणजे डोक्यात घुमणाऱ्या हलक्या आवाजात घ्यावी. गायकाने माइक ओठांपासून चार बोटांवर धरावा. फार जवळ नेला की आवाज घुमतो. तरी घुमलाच तर मिक्सरवर २०० ते ३०० हर्ट्झ थोडं कापा.

ड्रमकाठी: तिला सुरुवातीपासून गायला लावू नका, बहुतेक जण तिथेच माती खातात. मूळ गाण्यात इगीचं म्हणणं मांडून झाल्यावरच बी-५२ज बँडची गायिका केट पिअरसन आपलं कडवं घेऊन येते. दुरावलेले दोघं आपापली बाजू सांगतात, संवाद असा नाहीच.

बेसूर_नाही: पंकवाल्याचं गाणं आणि इतकं गुळगुळीत?

खर्जवाला: निर्माता डॉन वॉज होता ना, म्हणून! अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत २८व्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत टॉप ४०मधलं इगीचं एकमेव. गिटारचं डिस्टॉर्शन (फाटल्यासारखा खरखरीत आवाज) कमीच ठेवा, नाहीतर तिचा आवाज बुडेल. ती खाज इगीच्या जुन्या बँडच्या, स्टूजेसच्या गाण्यांवर भागवा.